ओझरला उतरताना

“खुर्ची अजून पुढे घ्या,” हर्षल म्हणाला. “कोपर टेबलावर टेकलं पाहिजे. हात अधांतरी राहिला की लवकर थकतो.”

मी खुर्ची पुढे ओढली. समोरच्या मोठ्या मॉनिटरवर एका छोट्या विमानाचं नाक दिसत होतं, त्याच्यापुढे गरगरणारा पंखा आणि खूप खाली हिरवे-तपकिरी चौकोन. मागे दारात माझे आई-बाबा आणि हर्षलची आई उभी होती. माझ्या आईचं तोंड बघण्यासारखं झालं असणार. मुलाचं घर बघायला म्हणून आलो, आणि मुलगी विमान चालवायला बसली.

आदल्या रविवारी देवरे मंडळी आमच्याकडे पंचवटीत येऊन गेली होती. हर्षल सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात होता. वडील गेलेले, घरी आई आणि तो. मालेगावचे काका बरोबर आले होते आणि सगळं बोलणं त्यांनीच केलं. हर्षल जवळजवळ गप्पच होता. निघताना चपला घालता घालता त्याने मला एवढंच विचारलं, “कॉम्प्युटरवर विमान उडवलंय कधी?” मी नाही म्हटलं. “मग आमच्याकडे आलात की दाखवतो.”

तेच आता चाललं होतं. टेबलाच्या डाव्या कडेला, त्याच्यासमोर, पकडीनं घट्ट बसवलेलं एक अर्धवट चाक होतं, गाडीच्या स्टिअरिंगचा वरचा भाग कापून टाकल्यासारखं. माझ्यासमोर एक जुनी जॉयस्टिक, मुठीवरचं रबर झिजून गुळगुळीत झालेली. मध्ये कीबोर्ड, त्याच्या बटणांवर बारीक अक्षरातल्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या.

“हे चाक कशाला?” मी विचारलं.

“याला योक म्हणतात. खऱ्या छोट्या विमानात असाच असतो. ओढला की नाक वर, ढकलला की खाली, फिरवला की विमान कलतं. तुमची जॉयस्टिकही तेच काम करते. आणि तिच्या बुडाशी ती पट्टी आहे ना, तो थ्रॉटल. पुढे सरकवला की इंजिनाचा जोर वाढतो.”

“आणि कीबोर्ड?”

“बाकी सगळं. दिवे, पंखांचे फ्लॅप, ब्रेक. थ्रॉटलचंसुद्धा एक बटण आहे.”

“ब्रेक कुठल्या बटणावर?”

“पूर्णविरामावर.”

मी त्याच्याकडे बघितलं. तो थट्टा करत नव्हता. मी जिल्हा न्यायालयात स्टेनो. दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं टिपायची आणि ती संपतात तिथं ते बटण दाबायचं, हे माझं काम. विमानसुद्धा त्याच बटणानं थांबतं म्हटल्यावर मला एकदम ओळखीचं वाटायला लागलं.

“आता विमान तुमचं,” असं म्हणून त्याने हात मांडीवर घेतले.

आमच्या घरात मी धांदरट म्हणून प्रसिद्ध होते. कॉलेजात असताना मामाची लूना नाल्यात घातली होती, त्यानंतर कुणी माझ्या हातात सायकलसुद्धा दिली नाही, आणि मीही मागितली नाही. आता या जॉयस्टिकला नुसता अंगठा लागला तरी अख्खं क्षितिज तिरकं होत होतं. मी श्वास रोखून बसले होते. हर्षल हळू आवाजात सांगत होता, “थोडं डावीकडे. आता सोडा, ते आपोआप सरळ होतं. समोर बघा, ओझरची धावपट्टी.” द्राक्षबागांसारख्या दिसणाऱ्या चौकोनांमध्ये एक राखाडी रेघ दिसली. ती मोठी होत गेली. ती कधी डाव्या बाजूला पळायची, कधी उजव्या. मग अगदी शेवटी सगळं सोपं झालं. जॉयस्टिक हलकी झाल्यासारखी वाटली, रेघ बरोबर मध्ये आली, चाकं टेकल्याचा आवाज झाला. मी पूर्णविराम दाबून धरला. विमान थांबलं.

बाबांनी टाळ्या वाजवल्या. “पहिल्याच फटक्यात उतरवलं की पोरीनं!”

“मला तर बाई उडवतासुद्धा येत नाही,” हर्षलची आई म्हणाली.

हर्षल म्हणाला, “छान उतरलं विमान.”

परत येताना रिक्षात मी आईला सांगून टाकलं की माझा होकार आहे. आई म्हणाली, घर बघितलंस का नीट, स्वयंपाकघरात उजेड कमी आहे. मी घर बघितलंच नव्हतं. मला त्या रात्री सारखे माझे हात बघावेसे वाटत होते.

पुढचे दोन आठवडे फोनवर गेले. आम्ही ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आलो. साखरपुड्याची तारीख काढायचं ठरलं. एकदा त्याने विचारलं, “आई तुझ्यासाठी साडी बघतेय. पण माझ्याकडून वेगळं काय घेऊ?”

“माझी स्वतःची जॉयस्टिक,” मी म्हटलं.

तो इतका हसला की मी फोन कानापासून लांब धरला.

त्या शनिवारी दुपारी आम्ही महात्मा गांधी रोडवरच्या ललवाणींच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. पहिल्या मजल्यावरचं चिंचोळं दुकान, सगळीकडे खोकी. हर्षलने आधी सांगून ठेवल्यामुळे ललवाणींनी मुंबईहून तीन-चार प्रकार मागवून ठेवले होते आणि दाखवायच्या कॉम्प्युटरवर विमानही चालू केलं होतं.

“बसा मॅडम, हाताळून बघा. आमच्याकडे लोक नुसतं खोकं बघून घेऊन जातात आणि मग आठवड्याने परत आणतात, हाताला बसत नाही म्हणून.”

मी एकेक हातात घेतली. पहिली हलकी होती, ओढली की टेबलावरून स्वतःच पुढे यायची. दुसरीची मूठ एवढी मोठी की अंगठा वरच्या बटणापर्यंत पोचत नव्हता. तिसरी जड होती, बुडाला वजन घातल्यासारखी, आणि तिचा थ्रॉटल वेगळा, डाव्या हातासाठी.

“सोडली की ही मध्ये का येते?” मी विचारलं.

“आत स्प्रिंग आहे.”

“खऱ्या विमानात स्प्रिंग असते?”

“नाही,” हर्षल म्हणाला. “तिथं वारा दांड्याला परत ढकलतो. जितका वेग, तितका जोर. इथं वारा नाही, म्हणून स्प्रिंग.”

“म्हणजे विमान हळू चाललं असेल तर खऱ्यातला दांडा ढिला लागतो?”

त्याने ललवाणींकडे बघितलं. “हे मला समजायला महिना लागला होता,” तो म्हणाला. त्याला खरंच आनंद झाला होता. मलाही झाला.

मग कीबोर्ड. त्याला वाटत होतं चपटा, दिवे लागणारा घ्यावा. मी चार कीबोर्डवर एकच वाक्य टाईप करून बघितलं आणि सगळ्यात साधा, उंच बटणांचा उचलला. “याचं बटण दाबलं गेलं की बोटाला कळतं. खाली बघावं लागत नाही. विमान उतरताना तू खाली बघतोस का?”

“बघतो,” तो म्हणाला.

“म्हणून चिठ्ठ्या लावल्यास.”

ललवाणी हसले. जड जॉयस्टिक आणि उंच बटणांचा कीबोर्ड असं ठरलं. ते खोकी शोधत असताना मी विचारलं, “ही घरी लावली की ह्यांचा योक काढून ठेवावा लागेल का?”

“नाही हो मॅडम. दोन्ही राहू द्या. दोन्ही एकदम चालतात.”

“दोन्ही एकदम? मग विमान कोणाचं ऐकतं?”

“ज्याचा हात जास्त हलेल त्याचं.”

हे ते खोक्यात डोकं घालून सहज बोलले. मी हर्षलकडे बघितलं. तो कीबोर्डचं प्लॅस्टिक नीट करत होता. करण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

“त्या दिवशी तुझा योक जोडलेला होता?” मी विचारलं.

“हो.”

“मग शेवटी जॉयस्टिक हलकी झाली, ती—”

“शेवटचा थोडा वेळ मी धरला होता,” तो म्हणाला. “धावपट्टी सुटत होती.”

ललवाणींना तेवढ्यात कोणाचा तरी फोन आला, किंवा आला असं त्यांनी दाखवलं, आणि ते जिन्यात गेले. ते परत आल्यावर मी म्हटलं, “बिल नका करू आज.”

खाली रस्त्यावर हर्षलची स्कूटर उभी होती. त्याने किल्ली हातात घेतली पण लावली नाही.

“मी खोटं बोललो नव्हतो,” तो म्हणाला.

“माहीत आहे. बाबा म्हणाले, पोरीनं उतरवलं. तू म्हणालास, छान उतरलं विमान. कोणी उतरवलं ते तू म्हणालाच नाहीस.”

“एवढं शब्दन् शब्द आठवतं तुला?”

“मला त्याचाच पगार मिळतो.”

तो म्हणाला, “सगळे बघत होते. तुझे बाबा, आई. तुला आवडायला लागलं होतं. ते तिथं आपटलं असतं तर तुझा चेहरा पडला असता. मला ते बघवलं नसतं.”

“आपटलं असतं तर काय झालं असतं?”

“काही नाही. काच तडकल्याचं चित्र येतं. मग पुन्हा सुरू करायचं.”

“मग?”

मला राग आला होता, पण नुसता राग नव्हता. वाईट याचं वाटत होतं की गेले दोन आठवडे मी ज्या गोष्टीच्या जोरावर ताठ चालत होते ती मी केलेलीच नव्हती. आणि त्याहून जास्त मला कुतूहल वाटत होतं. माझं विमान नक्की कुठं पडलं असतं?

“घरी चल,” मी म्हटलं. “तुझ्या. आत्ता.”

जेलरोडला पोचलो तेव्हा त्याची आई खालच्या गॅलरीत मेथी निवडत बसली होती. आमचे चेहरे बघून ती मेथीची परात घेऊन आमच्यामागे वर आली आणि दाराशी स्टुलावर बसली.

“योकची वायर काढ,” मी म्हटलं.

त्याने टेबलाखाली जाऊन काढली आणि मला दिसेल अशी टेबलावर ठेवली.

पहिलं विमान धावपट्टीच्या खूप अलीकडे शेतात गेलं. काच तडकल्याचं चित्र आलं. दुसरं एका बाजूला कलत कलत गेलं ते गेलंच. हर्षलची आई मागून म्हणाली, “अगं अगं अगं.” हर्षल माझ्याशेजारी बसला होता. त्याचा गुडघा हलत होता.

तिसऱ्यांदा मी बरीच चांगली आले. रेघ समोर होती, मी जरा खाली होते, पण मला कळत होतं की मी खाली आहे. आता थ्रॉटल पुढे सरकवायचा, असा विचार मनात येतोय तोच टक् आवाज आला आणि इंजिनाचा सूर चढला. माझं बोट थ्रॉटलला लागलेलंही नव्हतं.

कीबोर्डचं बटण दाबल्याचा आवाज मी झोपेतसुद्धा ओळखीन. मी जॉयस्टिक सोडून दिली. विमान जाऊन आपटलं.

“हर्षल!”

त्याचा हात अजून कीबोर्डवर होता. तो त्या हाताकडे दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा बघत होता. “मी मुद्दाम नाही केलं,” तो म्हणाला. “हात आपोआप गेला.”

“तो असाच आहे गं,” आई म्हणाली. “ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून मला बाजारात एकटीला जाऊ देत नाही. आई राहू दे, मी आणतो. आई राहू दे, मी करतो. चांगलाच आहे, नाही कशाला म्हणू? पण परवा मला आपल्या गल्लीतून रविवार कारंज्याला कुठली बस जाते ते आठवेना. भीतीच वाटली मला.”

“हे तू मला कधी बोलली नाहीस,” हर्षल म्हणाला.

“तू वाईट वाटून घेतोस ना.”

तो उठला. “मी खाली जाऊन बसतो. मग तुला नीट करता येईल.”

“नाही,” मी म्हटलं. “इथेच बस. आणि बघ.”

कीबोर्ड मी माझ्याकडे ओढून घेतला. कुठलं बटण कशाला ते त्याला एकदा सांगायला लावलं, मग चिठ्ठ्यांकडे न बघता सगळी एकदा चाचपली. हर्षलने दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसून राहिला.

चौथं पडलं. पाचवं पट्टीवरून पुढे निघून गेलं आणि मी घाबरून ते ओढलं तर शेपटीवर पडलं. त्यानंतरची मी मोजली नाहीत. बाहेर ऊन उतरलं. मेथी निवडून झाली होती तरी आई बसून होती. हर्षल मधूनच तोंड उघडायचा आणि मिटायचा. त्याच्या कपाळावर घाम आला होता. पण एक बदल झाला होता. आधी तो पडदा बघत होता. आता माझे हात बघत होता, मी काय करतेय ते समजून घेत असल्यासारखा.

शेवटी एक विमान आलं. ते रेघेच्या मध्ये नव्हतं, आणि उतरलंही नाही, आपटलं. उडालं, पुन्हा आपटलं, पट्टी सोडून गवतात शिरलं. मी पूर्णविराम दाबून धरला. ते तिरकं होऊन थांबलं. काच तडकली नाही.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला एकदम खूप भूक लागली.

“काय चुकलं ते सांगू?” हर्षलने विचारलं.

“आधी मी सांगते. शेवटी मी खूप जोरात ओढलं. आणि वेग जास्त होता. बरोबर?”

“बरोबर.”

मग त्याने मांड्यांखालून हात काढले आणि म्हणाला, “अजून एक आहे. ते मी तुला कळू देणार नव्हतो.”

“काय?”

“तुमच्याकडून निघालो त्या दिवशी मी काकांना मालेगावच्या बसला सोडायला गेलो, तेव्हा ते म्हणाले, मुलगी चांगली आहे, पण लग्नानंतर नोकरी सोडेल का ते विचार. आई घरी एकटी असते. मुलगी नोकरी सोडणार असेल तरच पुढे बोलू. मी म्हटलं, हो, सोडेल.”



“मला न विचारता?” मी म्हटलं.

“तू नाही म्हणाली असतीस. मग काकांनी तिथंच मोडलं असतं. मला वाटलं, लग्न होऊन जाऊ दे, मग काकांना हळूहळू वळवीन. तुझ्यापर्यंत यातलं काही येऊच दिलं नसतं.”

“आणि नसते वळले तर?”

“ते मी धरलंच नव्हतं.”

कुठल्यातरी वर्षी, लग्नानंतर, सगळ्या घराने माझ्याकडे बघत बसावं आणि मला कारणही माहीत नसावं, असं चित्र मला स्पष्ट दिसलं. मी पर्स उचलली. खरं तर मी निघालेच होते.

पण मी थांबले ती त्याच्या आईमुळे. ती बोलली मात्र त्याला. “माझ्यासाठी हिने नोकरी सोडायची?” ती स्टुलावरून उठली. “मी काय अंथरुणाला खिळलेय? मला विचारलंस तू? भाऊजींनी विचारलं?”

“आई, मी—”

“आई राहू दे, असं म्हणालास तर बघ.”

त्याच्या तोंडाकडे बघून मला हसू आलं, नको असताना. आणि मग माझ्या ध्यानात आलं की ही गोष्ट मला कधीच कळली नसती. आज त्याला कोणी विचारलं नव्हतं. त्याने ती आपणहून सांगितली होती, आणि सांगताना त्याला माहीत होतं की मी उठून जाईन.

मी पर्स खाली ठेवली. “काकांना फोन लाव.”

“मी बोलतो त्यांच्याशी. मी नीट—” तो थांबला. मग त्याने नंबर लावला आणि मोबाईल माझ्या हातात दिला.

“बोल रे,” काकांचा आवाज खणखणीत होता.

“काका, मी ज्योत्स्ना बोलतेय. खैरनारांची.”

“अरे वा! बोल पोरी.”

“मी लग्नानंतर नोकरी सोडणार नाही. हे तुम्हाला आधीच सांगितलेलं बरं.”

पलीकडे त्यांनी टीव्हीचा आवाज बारीक केला. “हर्षलला दे.”

“तो इथेच बसलाय. पण नोकरी माझी आहे, म्हणून मीच बोलतेय.”

“हर्षल तर मला म्हणाला होता—”

“ते त्याने मला न विचारता सांगितलं होतं. मला आज कळलं.”

“आणि वहिनींकडे कोण बघणार?”

मी उत्तर द्यायच्या आत हर्षलच्या आईने माझ्या हातातून मोबाईल घेतला. “भाऊजी, मीच बघते माझ्याकडे,” ती म्हणाली. “तुम्ही जेवलात का?”

काका साखरपुड्याला आले नाहीत. काकूंना पाठवलं, स्वतः गुडघ्याचं निमित्त सांगितलं. लग्नाला आले, पहिल्या रांगेत बसले आणि माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत. बोलायला त्यांना वर्ष लागलं. नंतर मात्र त्यांच्या शेतीच्या वादात कोर्टाचा काही कागद आला की ते मलाच फोन करायचे, हर्षलला नाही.

पण हे सगळं पुढे. त्या संध्याकाळी आई मोबाईल घेऊन बोलत बोलत जिना उतरली, आणि खोलीत आम्ही दोघंच राहिलो. पडद्यावर ते विमान गवतात तिरकं उभं होतं, पंखा फिरत होता. हर्षलने इंजिन बंद केलं नाही, मला पाणी आणून दिलं नाही, सगळं ठीक होईल असंही म्हटलं नाही.

“आता काय करायचं?” त्याने मला विचारलं.

मला माहीत नव्हतं. आणि तसंच मी त्याला सांगितलं.